एस्प्रेसोचे डायल-इन

डायल-इन म्हणजे हाताशी असलेल्या कॉफीसाठी ग्राइंडर आणि एस्प्रेसो मशीन जुळवून घेणे. कॅफेत हे काम रोज सकाळी, गिऱ्हाईक येण्याआधी होते. बियांची नवी पिशवी फोडली की पुन्हा करावे लागते. बरिस्ताचे, म्हणजे कॉफी बनवणाऱ्याचे, कौतुक होते ते बहुधा दुधावरच्या नक्षीचे, पण शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) बिघडलेला असेल तर नक्षी त्याला तारू शकत नाही. शिकणाऱ्याने आधी डायल-इन पक्के करावे, नक्षीकडे मग वळावे.

एस्प्रेसोत ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ९ बार दाबाने बारीक दळलेल्या पुडीतून जाते. पुडीचे वजन म्हणजे डोस, कपात उतरलेल्या अर्काचे वजन म्हणजे यील्ड. डोस, यील्ड, दळण आणि तापमान एवढ्याच गोष्टी बरिस्ता ठरवतो. शॉटला लागलेले सेकंद हा त्यांचा परिणाम असतो. वेळ २८ सेकंद आली म्हणून शॉट जमला, असे समजणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे.

मशीन किमान अर्धा तास तापू द्यावे आणि पोर्टाफिल्टर (पूड भरून मशीनला लावायचा दांडा) तेवढा वेळ मशीनलाच लावून ठेवावा; थंड धातू पाण्याची उष्णता खेचतो. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतोच. सुरुवात १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम अर्क आणि २५ ते ३० सेकंद या हिशेबाने करावी. बास्केट (पोर्टाफिल्टरमधली जाळीची वाटी) कोरड्या फडक्याने पुसावी, पूड घ्यावी, बारीक सुयांनी तळापर्यंत ढवळून गुठळ्या मोडाव्यात आणि टॅम्प करावे, म्हणजे पूड सपाट दाबावी. पूड पुरती दबली की आणखी जोर लावून काही साधत नाही; टॅम्प तिरका गेला तर मात्र शॉट बिघडतो. मग मशीनमधून दोन सेकंद पाणी सोडून पोर्टाफिल्टर लावावा आणि लगेच शॉट सुरू करावा. काट्यावर ३३–३४ ग्रॅम दिसताच थांबवावे, कारण उरलेले दोन-तीन ग्रॅम ठिबकत येतात.

३६ ग्रॅम १८ सेकंदांतच उतरले आणि चव आंबट, पातळ, किंचित खारट लागली, तर दळण बारीक करावे. ४५ सेकंद लागले आणि कडू-तुरट लागले, तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दळण बदलल्यावर ग्राइंडरच्या पात्यांत जुनी पूड उरते, म्हणून पुढचा एक डोस दळून टाकून द्यावा. हे न केल्यास बदल दिसत नाही, शिकणारा दळण बदलायचे चाक आणखी फिरवतो आणि तिसऱ्या शॉटला मशीन तुंबते.

दळण फार बारीक झाले की पाणी सगळ्या पुडीतून न जाता फटींतून वाट काढते. याला चॅनेलिंग म्हणतात. बिनतळाच्या पोर्टाफिल्टरखाली पाहिल्यास बारीक चिळकांड्या उडताना दिसतात. असा शॉट एकाच वेळी आंबट आणि कडू लागतो, आणि नवशिका आंबटपणा घालवायला दळण आणखी बारीक करून बसतो. उपाय उलटा आहे: थोडे जाड दळावे आणि यील्ड ४० ग्रॅमपर्यंत वाढवावे.

जीभ तयार करायला एक सोपा सराव आहे. एकच शॉट तीन कपांत १२-१२ ग्रॅम पकडावा. पहिला कप दाट, झणझणीत आंबट, दुसरा गोडसर, तिसरा फिका आणि कडवट. तिन्ही क्रमाने चाखले की कमी आणि जास्त उतरलेल्या कॉफीतला फरक शब्दांत सांगावा लागत नाही. कडू आणि तुरट वेगळे ओळखायलाही शिकावे: कच्च्या जांभळासारखी जीभ आखडते ते तुरट, आणि ते बहुधा चॅनेलिंगकडे बोट दाखवते. सकाळी सहा-सात शॉट चाखायचे असतात; घोट थुंकून टाकावेत.

भाजून दोन दिवस झालेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. क्रेमा, म्हणजे शॉटवरचा तपकिरी फेस, फुगतो, चव बोचरी लागते. एस्प्रेसोसाठी आठवडा ते दहा दिवस थांबलेले बरे, हलक्या भाजणीला त्याहून जास्त. पुढे बिया शिळ्या होतात तसे दळण थोडे थोडे बारीक करावे लागते. गर्दीत पाती तापतात आणि वेळ सरकते, म्हणून दुपारी पुन्हा एक शॉट मोजावा. बोअरवेलच्या कठीण पाण्याने बॉयलरमध्ये क्षार साचतात. उलट, क्षार जवळजवळ संपूर्ण काढलेल्या आरओच्या पाण्यात कॉफी बेचव होते आणि काही मशीनमध्ये पाण्याची पातळी मोजणारा प्रोबही नीट चालत नाही.

भारतातल्या कॅफेत बहुतेक शॉट दुधात जातात. म्हणून शेवटची चाचणी दुधातच घ्यावी: दूध ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापवून. नुसता चाखताना छान लागणारा हलक्या भाजणीचा शॉट दुधात कधी कधी नासल्यासारखा आंबट लागतो.

स्पेशल्टी कॉफी असोसिएशनचे बरिस्ता प्रशिक्षण फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि प्रोफेशनल अशा तीन पातळ्यांवर होते. २००० सालापासून होणाऱ्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत १५ मिनिटांत १२ पेये द्यावी लागतात: चार एस्प्रेसो, चार दुधाची, चार स्वतः रचलेली.

जुळलेली कृती ग्राइंडरजवळ लिहून ठेवावी: बियांचे नाव, भाजल्याची तारीख, डोस, यील्ड, सेकंद, ग्राइंडरचा आकडा आणि चवीबद्दल दोन शब्द. पाळी बदलताना पुढच्या बरिस्ताने ती वाचून एक शॉट चाखावा आणि मगच ऑर्डर घ्यावी.