बुधवारचा अंक आणि त्याचे परीक्षण : एक पार्श्वभूमी

कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतील प्रयोगांवर दैनिकांत येणारी परीक्षणे वाचत आलेल्या गोमंतकीय वाचकाच्या दृष्टीने परीक्षण म्हणजे संपूर्ण कलाकृतीचा विचार असतो. पडदा पडल्यानंतरच परीक्षक लेखणी उचलतो. अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्सच्या नव्या अंकांचे परीक्षण मात्र दर आठवड्याला, वीस-बावीस पानांच्या एकेका अंकावर, कथा अर्ध्यावर असतानाच लिहिले जाते. त्यात बहुधा गुण दिलेले असतात आणि हा अंक विकत घ्यावा की नाही याचा निवाडाही असतो. या लेखनाला असे रूप का आले, याचे कारण साहित्यविचारात फारसे सापडत नाही. ते कॉमिक्सच्या विक्रीच्या इतिहासात सापडते.

जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८च्या अंकात अवतरला, तेव्हा दहा सेंटांचा तो अंक वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर इतर मासिकांच्या शेजारी विकला जात होता. स्टॉलवाल्याला न खपलेल्या प्रतींचे पैसे परत मिळत. पूर्ण अंक माघारी पाठवणे महाग पडे, म्हणून अनेकदा मुखपृष्ठाचा मासिकाचे नाव असलेला वरचा भाग फाडून तेवढाच पाठवला जाई. स्टॉलवाल्याने अंक लवकर उतरवू नये यासाठी मुखपृष्ठावर पुढच्या महिन्यांची तारीख छापण्याची रीतही त्याच काळातली. ज्या वस्तूचे भवितव्य रद्दी हेच होते, तिचे गांभीर्याने परीक्षण करावे असे कोणाला वाटले नाही. मोठ्यांचे लक्ष गेले तेही संशयाने. कॉमिक्स मुलांना बिघडवतात ही मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांची टीका आणि अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढील सुनावण्या यांनंतर १९५४ मध्ये प्रकाशकांनी ‘कॉमिक्स कोड’ स्वीकारला. छपाईपूर्वी पाने तपासून शिक्का देणारी ही व्यवस्था होती, आणि चित्र चांगले आहे की वाईट, हा प्रश्न तिने कधी विचारलाच नाही.

तो प्रश्न विचारला वाचकांनी. सुपरमॅनची प्रकाशनसंस्था डीसीचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी १९६०च्या सुमारास वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापायला सुरुवात केली आणि दूरदूरच्या गावांतले वाचक एकमेकांना थेट लिहू लागले. डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स यांनी १९६१ मध्ये रॉय थॉमस यांच्या साथीने ‘ऑल्टर ईगो’ हे हौशी नियतकालिक काढले. त्याचे सुरुवातीचे अंक घरगुती प्रतिमुद्रण यंत्रावर निघत. कोणत्या चित्रकाराने कोणता अंक काढला, रेषेवर शाई कोणी फिरवली, याचा शोध तेथे आत्मीयतेने घेतला जाई. श्रेयनामावली अनेकदा छापलीच जात नसे, अशा काळात हे काम फार मोलाचे होते. १९७६ मध्ये गॅरी ग्रोथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘द कॉमिक्स जर्नल’ने पुढे कठोर, दीर्घ समीक्षेची परंपरा उभी केली. तरीही साप्ताहिक परीक्षणाने तो मार्ग घेतला नाही.

याला कारण १९७०च्या दशकातला विक्रीतला बदल आहे, आणि या संपूर्ण इतिहासातली निर्णायक घटना मी तीच मानतो. न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सची संमेलने भरवणारे शिक्षक फिल स्यूलिंग यांनी प्रकाशकांपुढे प्रस्ताव ठेवला, की खास कॉमिक्सच्या दुकानांना जास्त सवलत द्यावी आणि त्याबदल्यात दुकानदार न खपलेले अंक परत करणार नाहीत. धोका प्रकाशकाकडून दुकानदाराकडे आला. दुकानदार अंक निघण्याच्या बऱ्याच आधी मागणी नोंदवू लागला, नियमित ग्राहक आपली यादी त्याच्याकडे देऊ लागला आणि बुधवार हा नव्या अंकांचा वार म्हणून रूढ झाला. मागणी बदलण्याची अंतिम मुदत आता विक्रीच्या काही आठवडे आधी असते. म्हणूनच प्रकाशक परीक्षकांना आगाऊ प्रती देतात आणि परीक्षण अंकाबरोबर, कधी त्याच्याही आधी येते. १९९१ मध्ये अनेक मुखपृष्ठांसह निघालेल्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रतींची मागणी नोंदवली गेली, तेव्हा तर वाचनापेक्षा जपून ठेवलेल्या प्रतीला पुढे काय किंमत येईल याचीच चर्चा अधिक होती. पुढे ही लाट ओसरली आणि १९९६च्या अखेरीस ‘एक्स-मेन’ची प्रकाशनसंस्था मार्व्हलला दिवाळखोरी जाहीर करावी लागली.

दरम्यान खुद्द कथेची चालही बदलली. ऑगस्ट १९६२च्या ‘अमेझिंग फँटसी’त स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडर-मॅनची जन्मकथा ११ पानांत पूर्ण केली: कोळ्याचा दंश, अंगात आलेली शक्ती, चोराला सोडून देणे, काकांचा खून आणि पश्चात्ताप, सारे त्यातच. २००० मध्ये ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ सुरू झाला, तेव्हा ब्रायन मायकेल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी हीच जन्मकथा सात अंकांत मांडली. संवादांना वाव मिळाला, पीटरचे घर आणि शाळा जिवंत झाली, पण एकटा दुसरा किंवा तिसरा अंक हाती घेऊन त्याला गुण देणे अवघड झाले. पुढे संग्रहाच्या पुस्तकात बसेल अशा पाच-सहा अंकांच्या मापाने कथा रचणे सर्रास झाले. परीक्षण मात्र अंकाच्याच मापाचे राहिले.

मराठी वाचकाची घडण याहून वेगळी आहे. मार्च १९६४ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतर सव्वादोन वर्षांनी, सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने ली फॉक यांचे वेताळ (फँटम) आणि जादूगार मँड्रेक हे नायक मराठीतही आणले. मूळच्या वृत्तपत्रीय चित्रपट्ट्या कापून आणि जुळवून त्या पानांत बसवल्या जात, आणि बहुतेक अंकांत कथा पूर्ण होई. १९९० मध्ये ही मालिका बंद पडली. तिच्या नव्या अंकांची नियमित समीक्षा मराठीत रुजली नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

आज फोंड्यात किंवा डिचोलीत राहणाऱ्या वाचकाला बुधवारचा छापील अंक त्याच दिवशी दुकानात मिळण्याची सोय नाही. तो संग्रहाचे पुस्तक टपालाने मागवतो किंवा ‘मार्व्हल अनलिमिटेड’ या मार्व्हलच्या डिजिटल वाचनसेवेवर छापील अंकानंतर साधारण तीन महिन्यांनी वाचतो. अमेरिकेतही जुनी वितरणव्यवस्था ढासळली आहे: डीसीने २०२० मध्ये डायमंड या वितरकाची साथ सोडली, मार्व्हलने २०२१ मध्ये पेंग्विन रँडम हाउसकडे वितरण दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. काही आठवडे आधीच्या मागणीशी येथल्या वाचकाचा संबंधच नसल्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याला अंकाची घाई करण्याचे कारण नाही. कथेचा एक टप्पा पुरा होईपर्यंत तो थांबू शकतो. शिवाय त्याने चित्रांना न्याय द्यावा. इंग्रजी साप्ताहिक परीक्षणांत कथानकाला चार परिच्छेद मिळतात आणि पेन्सिल, शाई, रंग व अक्षरांकन करणाऱ्या चौघांना मिळून एक वाक्य. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या गर्दीच्या चित्रांतला एकेक चेहरा निरखून पाहणाऱ्या गोव्यातल्या वाचकाला रेषेविषयी याहून पुष्कळ अधिक वाचायला आवडेल.