खोबर-दम्मामच्या शाळेत प्रवेश: अर्ज नेमका कुठे अडतो

सौदीच्या पूर्व प्रांतात, खोबर-दम्मामच्या शेजारीच, १९३८ साली धहरानच्या सात नंबरच्या विहिरीतून भरघोस तेल निघालं, तेव्हापासून तिथे जगभरातून कुटुंबं येत आहेत. शाळाही तशाच: सीबीएसई, ब्रिटिश, अमेरिकन. अर्ज, फोटो, पासपोर्ट, लसीकरणाचं कार्ड, मुलाची छोटीशी चाचणी. इथवर सगळं सुरळीत होतं. गाडी अडते ती भारतातल्या शाळेने दिलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर.

नुसती मुख्याध्यापकांची सही पुरत नाही. आधी शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मग राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेला शिक्का), याच क्रमाने. मधली एक सही राहिली की पुढचं टेबल कागद परत करतं. सौदीत अपोस्टिल करार ७ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्याची गरज उरलेली नाही. एजंट त्याचे पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. आणि कृपा करून दाखला लॅमिनेट करू नका. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, आणि ते सोलायला गेलं तर सहीची शाई सोबत निघून येते.

जन्मदाखला आजच काढून बघा. जन्माची नोंद बारशाआधी झालेली असते, म्हणून कितीतरी दाखल्यांत बाळाच्या नावाच्या रकान्यात नुसती रेघ असते. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण तुम्ही खोबरमध्ये आणि नोंद गावाकडे, म्हणजे हेलपाटे आजोबांना. नावाचंही तसंच. शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मध्ये वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही. एवढ्यावरून अर्ज परत आलेले आहेत. पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे आधीच दुरुस्त करून घ्या.

ब्रिटिश शाळेत ‘इयर थ्री’ म्हणजे आपली तिसरी नव्हे, दुसरी. तिथे ‘इयर वन’ला पाच पूर्ण झालेली मुलं बसतात. तिसरीतल्या मुलासाठी ‘इयर फोर’ लिहा, नाहीतर त्याचं एक वर्ष उगीच मागे जातं.

मुलाचा इकामाही (सौदीतला निवासी परवाना) लागतो, कारण तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या ‘नूर’ प्रणालीत नोंद त्याच क्रमांकावर होते. इकामा यायला वेळ लागणार असेल तर प्रवेश कार्यालयाला आधीच सांगा आणि तोवर जागा राखतील का ते लेखी घ्या.

हे जागेचं पत्र हातात आल्याशिवाय इथल्या शाळेतून दाखला काढू नका. दाखला निघाला की पटावरून नाव कमी होतं. व्हिसा लांबला तर मूल ना इथल्या वर्गात, ना तिथल्या. पत्र आलं की मात्र दुसऱ्याच दिवशी दाखल्याचा अर्ज द्या, कारण पुढचे तीन शिक्के तुमच्या विमानाच्या तारखेसाठी थांबत नाहीत.