एमएसीटीत (मोटार अपघात दावा ट्रिब्युनलमध्ये) भविष्यातल्या नुकसानीचे पैसे कमी मिळाले? अपील करण्याआधी एवढं बघून घ्या

अपघातात जखमी झालेल्याला हॉस्पिटलच्या बिलांचे पैसे बऱ्यापैकी मिळतात, पण पुढची कित्येक वर्षं जी कमाई बुडणार तिथे ट्रिब्युनलचा हात आखडतो, आणि याविरुद्ध हायकोर्टात जाता येतं हे लोकांना कळेपर्यंत तारीख निघून गेलेली असते.

आधी तारीखच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 173 प्रमाणे अपीलाला 90 दिवस, तेही निवाड्याच्या तारखेपासून. चेक हातात पडला तेव्हापासून नाही, वकिलांचा फोन आला तेव्हापासून नाही. तीन महिने असंही धरू नका, कॅलेंडर घेऊन दिवस मोजा. सर्टिफाईड कॉपीचा, म्हणजे निवाड्याच्या अधिकृत नकलेचा, अर्ज टाकल्यापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस यातून वजा होतात, पण अर्जच 90 दिवसांनंतर टाकला तर काही उपयोग नाही, म्हणून निकाल लागला की लगेच नकलेचा अर्ज टाका. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तेव्हा आजारपण, ऑपरेशन जे काही कारण असेल त्याचे कागद जोडा. 2019 च्या दुरुस्तीनंतर वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील चालत नाही. आणि लोक अदालतीत तडजोडीवर सही केली असेल तर अपीलाचा रस्ता बंद, तेव्हा सही करण्याआधी आकडा दोनदा वाचा, घरच्यांनाही वाचून दाखवा.

अपील करायला आधी पैसे जमा करावे लागतात असं कोणीतरी सांगतं आणि लोक घाबरून घरी बसतात. ती अट ज्याला भरपाई भरायचीय त्याला आहे, वाढवून मागणाऱ्या जखमीला नाही.

आता सगळ्यात जास्त पैसे जिथे जातात ते म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी. सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं 'डावा पाय 40 टक्के', ट्रिब्युनल त्याचे पूर्ण शरीराचे 20 धरतं आणि कमाईही 20 टक्केच बुडाली असं मानून मोकळं होतं. सुप्रीम कोर्टाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट सांगितलंय की शरीराची टक्केवारी वेगळी आणि कमाईची वेगळी, त्या माणसाचं काम काय होतं ते बघायचं. समजा 34 वर्षांचा ट्रक ड्रायव्हर आहे, महिना 15,000 कमावतो. 20 टक्के धरले तर गुणक (वयावरून ठरणारा, वर्षाच्या नुकसानीला गुणायचा आकडा) 16 लावून 5,76,000 येतात. पण क्लच दाबता येत नसेल तर तो ड्रायव्हर राहिलाच कुठे? कमाईचं नुकसान 60 टक्के धरलं आणि पुढच्या उत्पन्नवाढीचे 40 टक्के मिळवले तर तोच हिशोब 24,19,200 वर जातो. ही उत्पन्नवाढ सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाने (2017) ठरवून दिली, स्वतःचा धंदा किंवा ठराविक पगार असेल तर चाळिशीच्या आत 40 टक्के, 40 ते 50 मध्ये 25, 50 ते 60 मध्ये 10. तो निकाल मृत्यूच्या केसचा असला तरी नंतर सुप्रीम कोर्टाने जखमींनाही ती दिलीय, तरी कितीतरी निवाड्यांत हा आकडा गायबच असतो. तुमच्या निवाड्यात आहे का ते आधी बघा.

कागदांत निवाड्याची नक्कल, वकीलपत्र हे होऊन जातं. अडतं ते डॉक्टरांपाशी. नुसतं सर्टिफिकेट जोडून भागत नाही, डॉक्टरांची साक्ष लागते, आणि विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत हमखास विचारतात की उपचार तुम्ही स्वतः केलेत का. म्हणून शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच बोलवा, आणि पेशंट आता कुठलं काम करू शकत नाही हे त्यांच्या तोंडून रेकॉर्डवर येऊ द्या. हे ट्रिब्युनलमध्येच करायचं. हायकोर्टात नवा पुरावा सहज घेत नाहीत. मेडिकलच्या बिलांची शाई वर्षभरात उडते, पांढरा कागद घेऊन आलेली माणसं बघून जीव तुटतो, तेव्हा बिल मिळालं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

विमा कंपनीनेच अपील केलं आणि तुमचे 90 दिवस संपलेले असले तरी रक्कम वाढवून मागता येते. त्यासाठी नोटीस मिळाल्यापासून एका महिन्यात क्रॉस ऑब्जेक्शन, म्हणजे त्यांच्याच अपीलात आपली हरकत, दाखल करावं लागतं. कोर्टाचं पाकीट आलं की न उघडता कपाटात ठेवू नका, त्याच दिवशी वकिलांकडे न्या आणि ते कधी मिळालं ती तारीख पाकिटावर लिहून ठेवा.