रखमाबाई खटला

दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा मुंबई उच्च न्यायालयात १८८४ ते १८८८ या काळात गाजलेला दावा. एकाच प्रकरणात दोन परस्परविरोधी निकाल लागले आणि दोन्ही वेळा समाजातला एक मोठा गट न्यायालयावर उखडला.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या सासरी गेल्याच नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत राहिल्या. बायकोने नांदायला यावे, असा दावा दादाजींनी १८८४ मध्ये लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. अजाण वयात लग्न लागलेल्या आणि कधीच न नांदलेल्या तरुणीवर अशी सक्ती करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. पुण्याच्या ‘मराठा’ साप्ताहिकाने मात्र, न्यायमूर्तींना हिंदू कायद्याचे मर्मच कळलेले नाही, अशी टीका केली. सुधारकांच्या बाजूने बेहरामजी मलबारी उभे राहिले, आणि खुद्द रखमाबाईंनी ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली.

गंमत अशी, की धर्म बुडाला म्हणून ओरड करणारे ज्या उपायाची पाठराखण करत होते तो धर्मशास्त्रातला नव्हताच. नांदायला लावण्याचा दावा इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आला होता. तिथे असा हुकूम मोडल्याबद्दलची कैद १८८४ मध्येच रद्द झाली. हिंदुस्थानात ती कायम राहिली.

अपिलात पिन्हे यांचा निकाल फिरला आणि दावा पुन्हा चौकशीसाठी खाली आला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना नवऱ्याकडे जाण्याचा हुकूम दिला. न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. आता सुधारक आणि इंग्लंडमधली वर्तमानपत्रे संतापली. एका सुशिक्षित स्त्रीला नवऱ्याकडे जात नाही म्हणून डांबायचे, हे सरकारलाही झेपणारे नव्हते. अखेर १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन तडजोड केली. म्हणजे कायद्याने बाजी दादाजींकडे होती, पण हुकूम बजावला गेलाच नाही.

रखमाबाई पुढे लंडनला वैद्यक शिकल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी डॉक्टर म्हणून काम केले. या खटल्याने पेटलेल्या वादाची धग १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत पोहोचली. शरीरसंबंधाला संमती देण्याचे मुलीचे वय १० वरून १२ झाले. नांदायला येण्याचा दावा हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये टिकून राहिला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले, तर पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले.