लिव्हरचं ऑपरेशन दुर्बिणीतून? होय, होतं

"पित्ताशयाचं ठीक आहे हो, पण लिव्हर म्हणजे रक्ताचा साठा. एवढ्याशा भोकातून कापलं तर रक्त थांबवणार कसं?" सोलापुरात दवाखान्याच्या बाकड्यावर हे हमखास ऐकू येतं. भीती समजते, पण निष्कर्ष चुकीचा आहे. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याच्या दाबामुळे लिव्हरच्या शिरांतून झिरपणारं रक्त उलट कमी होतं. शिवाय पडद्यावर बारीक रक्तवाहिनीही मोठी दिसते.

"दुर्बिणीनं केलं तर कॅन्सरची गाठ मागे राहते" ही भीतीही तशीच. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलेल्या २८० रुग्णांवर नॉर्वेत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. गुंतागुंत पोट उघडून केलेल्यांत ३१ टक्के, दुर्बिणीच्या गटात १९. दवाखान्यातला मुक्कामही जवळपास निम्मा. आयुर्मानात मात्र फरक आढळला नाही.

अर्थात सगळ्यांना हे जमत नाही. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असेल, तर पोट उघडणंच बरं. मध्येच तसं करावं लागलं तर ते अपयश समजू नका, ती खबरदारी असते. म्हणून अक्कलकोट, बार्शीहून येणाऱ्यांनीही सर्जनना नि:संकोच विचारावं: "डॉक्टर, लिव्हरची अशी किती ऑपरेशनं केलीत?"