'इंग्रजी पहिली'पासून पहिलीतल्या इंग्रजीपर्यंत

सोलापूरच्या जुन्या घरांमधून अजून ऐकायला मिळतं, 'आमचे आजोबा इंग्रजी चौथीपर्यंत शिकले होते.' आजच्या मुलांना हे कळत नाही. मराठी चौथी संपली की ज्याला पुढं शिकायचं त्याचं नाव 'इंग्रजी पहिली'त घालायचे. पुन्हा पहिली, पुन्हा मुळाक्षरं. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. ज्यांना हे परवडत नसे ते मराठी सातवी करून व्हर्नाक्युलर फायनल या मराठी शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसत आणि मास्तरकी धरत. तेव्हा इंग्रजी हा दहा विषयांतला एक विषय नव्हता. हायस्कूलचं दारच तिच्या नावाचं होतं.

१८३५ मध्ये इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारा मेकॉलेचा अहवाल आला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक आदेशानं, खालच्या इयत्तांना देशी भाषा आणि वरच्या शिक्षणाला इंग्रजी अशी वाटणी ठरवली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, १८५९ पासून त्याची मॅट्रिक सुरू झाली, आणि हायस्कुलात काय शिकवायचं हे त्या परीक्षेवरून ठरू लागलं. सोलापुरात १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी उभी राहिली. स्टेशन, गिरणीचं ऑफिस, कलेक्टर कचेरी, सगळीकडं इंग्रजी लिहिता येणारा कारकून हवा होता. मुंबईच्या गव्हर्नराचं आडनाव मिरवणारी नॉर्थकोट प्रशाला आजही त्या काळाची खूण म्हणून गावात आहे.

कारकून घडवायचा म्हणून शिकवण्याची रीतही तशीच पडली: शब्द, अर्थ, व्याकरण, भाषांतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या. त्या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे, पण घरात इंग्रजीचा एकही शब्द नसलेल्या मुलाला तिनंच वाक्य उभं करायला शिकवलं, हे मी मनापासून मानतो. तिच्यात साहित्याला मात्र जागा उरली नाही. कविता आली तीही अर्थ लिहून घेण्यापुरती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर ढकलली गेली. मॅट्रिक जाऊन एसएससी आली. महाराष्ट्र झाल्यावर इंग्रजी पाचवीपासून, आणि २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, थेट पहिलीपासून. दरवेळी वाद झाला तो कितवीपासून शिकवायची याचाच. कशी शिकवायची, यावर त्या मानानं फार थोडं बोललं गेलं, आणि माझ्या मते खरी खोट तिथंच राहिली.

आज मराठी माध्यमात ती तृतीय भाषा आहे. सोलापूरच्या पूर्वभागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, ती चौथी होते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, पुस्तकात हिंदी, मग इंग्रजी. अक्कलकोटकडून येणाऱ्या मुलाच्या घरी कन्नड असते. एका शब्दाचा अर्थ लागायला तीन उंबरे ओलांडावे लागतात.

दहावीच्या कृतिपत्रिकेत आता कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतो. कवीचं नाव, यमकांची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. प्रश्न चांगला आहे. पण गाइडमधलं तयार उत्तर पाठ करून तो सोडवला जातो, म्हणजे कविता न वाचताच मार्क पडतात. अर्थ लिहून घेण्याची जुनी सवयच नव्या नावानं चालू आहे.

आमच्या वर्गात एका कवितेत डॅफोडिल आलं होतं. सगळ्यांनी पुस्तकात त्या शब्दावर पेन्सिलनं लिहिलं, 'एक पिवळे फूल'. सर थांबले. म्हणाले, पाऊस संपता संपता आपल्या माळावर तरवड फुलतो ना, नजर जाईल तिथवर पिवळं, तसं समजा. शेजारी बसलेला माझा पद्मशाली मित्र हळूच म्हणाला, 'तंगेडू!' त्याच्या घरी बतुकम्मा, म्हणजे सणाला फुलांचा मनोरा, रचताना हीच फुलं लागायची. त्यानं आधी लिहिलेलं खोडलं आणि डॅफोडिलच्या डोक्यावर तेलुगूत तंगेडू लिहिलं.