बॅटरी मिळत नाही म्हणून कॅमेरा भंगारात काढू नका

‘जुन्या रोल कॅमेऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, म्हणजे तो फक्त शोकेसमध्ये ठेवायचा,’ हे चोर बाजारात हमखास ऐकू येतं. १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्या, एवढंच त्यात खरं आहे.

पेन्टॅक्स के१००० घ्या. त्याचं शटर पूर्ण यांत्रिक, स्प्रिंगवर चालणारं. बॅटरी फक्त लाइट मीटरला, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या भागाला लागते आणि तीही साधी एलआर४४ ही बटणासारखी बॅटरी. ती नसली तरी लख्ख उन्हात २०० आयएसओचा (रोलची प्रकाशाची संवेदनशीलता) रोल असेल तर लेन्सचं छिद्र एफ/१६ वर आणि शटरचा वेग १/२५० सेकंदावर ठेवा, फोटो नीट येतो.

याशिका इलेक्ट्रो ३५ची गोष्ट वेगळी. बॅटरीविना त्याचं शटर फक्त १/५०० सेकंदाच्या वेगाने चालतं, म्हणून तिथे बॅटरी हवीच. पण अडॅप्टर लावून सहा व्होल्टची बॅटरी बसते.

काही कॅमेऱ्यांच्या पाऱ्याच्या बॅटरीऐवजी श्रवणयंत्राची ६७५ नंबरची बॅटरी चालते. तिचा व्होल्टेज जवळपास तेवढाच असतो, पण वापरायला तिच्यावरचा स्टिकर काढला की ती काही आठवड्यांतच संपते.

घेताना खरं तपासायचं ते दुसरंच: मागचं झाकण उघडा, शटर एक सेकंदावर ठेवून दाबा. पडदा अडखळला तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा. बॅटरीच्या खाचेत हिरवट थर दिसला तरी घाबरू नका. थोडा असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाने निघतो.